की टू इंग्लिश प्लेस-नेम्स: फोड नेमकी, पुरावा दुसरीकडे

नॉटिंगहॅम विद्यापीठाची ही ऑनलाइन सेवा फुकट आहे. इंग्लंडमधल्या गावाचं नाव टाका किंवा नकाशावर गाव निवडा. अर्थ, नावाचे घटक आणि प्रत्येक घटकाची मूळ भाषा समोर येते. न्यूटनसारखं नाव शोधताना आधी काउंटी (म्हणजे जिल्हा) बघा, न्यूटन नावाची गावं ढिगानं आहेत.

खुद्द नॉटिंगहॅमच घ्या. आजच्या अक्षरांवरून अंदाज बांधलात तर फसलात. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजानं करवलेल्या जमीन-पाहणीत, ते 'स्नोटिंगेहॅम' आहे: 'स्नोट' हे माणसाचं नाव, 'इंगा' म्हणजे त्याची माणसं, 'हाम' म्हणजे वस्ती. पुढे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या उच्चाराच्या प्रभावानं सुरुवातीचा 'स' गळाला. आजच्या इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड, तेव्हा शहराचं नशीबच म्हणायचं.

खरी गोची शेवटच्या 'हॅम'मध्ये आहे. जुन्या इंग्रजीत 'हाम' म्हणजे वस्ती, तर 'हम्म' म्हणजे नदीच्या वळणातली किंवा पाण्यानं वेढलेली जमीन. आज दोन्हींचं लेखन सारखंच होतं. निवाडा जुन्या कागदांतल्या रूपांवरून आणि प्रत्यक्ष जागेवरून करावा लागतो. सेवा मात्र निष्कर्ष थोडक्यात देऊन मोकळी होते. तारीखवार जुनी रूपं हवीत तर इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड उघडा. ही संस्था १९२३ पासून काम करते आहे आणि सगळ्या काउंट्या अजून झालेल्या नाहीत. गल्ल्यांची, शेतांची नावंही त्या खंडांतच शोधावीत.