ज्युपिटर की मारिमो: व्हेरिएबल्सवर नजर कोण नीट ठेवतं?

रोज नोटबुकात, म्हणजे पायथनचा कोड 'सेल' नावाच्या तुकड्यांत लिहून तिथेच चालवायच्या पानावर, काम करणाऱ्याला एक शंका सारखी छळते: आत्ता मेमरीत जी व्हॅल्यू आहे, ती समोर दिसणाऱ्या कोडमधूनच आली आहे ना? ज्युपिटर आणि मारिमो ही अशा नोटबुकांची दोन साधनं. मी बरीच वर्षं ज्युपिटर वापरलं, आता नवीन काम बहुतेक मारिमोत सुरू करतो. तुम्ही या दोन्हींत घुटमळत असाल, तर माझ्यापुरता निर्णय कशावर ठरला तेवढं सांगतो.

ज्युपिटरमध्ये व्हेरिएबल्सवर, म्हणजे व्हॅल्यूंना दिलेल्या नावांवर, नजर ठेवायची सोय नाही असं मुळीच नाही. '%हूज' ही कमांड ज्युपिटरच्या आधीच्या आयपायथनच्या काळापासून आहे. ज्युपिटरलॅबला व्हेरिएबल इन्स्पेक्टरचं एक्स्टेन्शन मिळतं, व्हीएस कोड या एडिटरमध्ये तर ते पॅनेल तयारच असतं. नाव, टाइप, आकार, व्हॅल्यू, सगळं दिसतं. दिसत नाही ते एवढंच, की ही व्हॅल्यू कुठल्या सेलने दिली.

माझं घोडं नेमकं इथेच अडायचं. पावसाच्या नोंदींचं उदाहरण घ्या. हवामान खात्याच्या व्याख्येत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार' पाऊस सुरू होतो आणि 115.6 पासून 'अति जोरदार'. वरच्या सेलमध्ये 'उंबरठा = 64.5' असं लिहिलंय (पायथन ३ देवनागरी नावं बिनतक्रार घेतं). खाली कुठेतरी पडताळणीसाठी 'उंबरठा = 115.6' चालवलं आणि तो सेल काढून टाकला. सेल गेला, पण व्हॅल्यू कर्नेलमध्ये, म्हणजे मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, राहिली. पानावर 64.5, इन्स्पेक्टरमध्ये 115.6, आणि खालचे सगळे आलेख इन्स्पेक्टरच्या बाजूने. कर्नेल रीस्टार्ट करून सगळे सेल पुन्हा चालवले की गोष्ट सरळ होते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण डेटा वाचायलाच बराच वेळ लागत असेल, तर ते दर वेळी कोण करतं?

2019 साली गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या सुमारे 14 लाख ज्युपिटर नोटबुकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चालवून पाहिलेल्यांपैकी सुमारे 24 टक्के नोटबुकं एररशिवाय शेवटपर्यंत गेली आणि जेमतेम 4 टक्क्यांचे निकाल जुन्याशी जुळले. सगळा दोष व्हेरिएबल्सवर ढकलता येणार नाही. लायब्ररी नसणं, फाइल न सापडणं हेही त्यात आलं. पण नेम-एरर, म्हणजे नाव वापरलंय पण तयारच झालेलं नाही, हे नेहमीच्या कारणांपैकी एक होतं.

मारिमोत तोच 'उंबरठा' दुसऱ्या सेलमध्ये लिहिला, की तो सेल चालतच नाही. हे नाव आधीच दुसरीकडे ठरलंय असं तिथल्या तिथे सांगतो. मूळ सेल काढला तर व्हेरिएबलही मेमरीतून जातं आणि त्यावर अवलंबून असलेले सेल लगेच बोंब मारतात. व्हेरिएबल्सच्या पॅनेलमध्ये प्रत्येक नावापुढे ते कुठल्या सेलने तयार केलं आणि कुठले सेल वापरतात हेही असतं. मला वर्षानुवर्षं हवी होती ती माहिती हीच.

त्रास इथेही आहे. दोन सेलमध्ये लूपसाठी एकच अक्षर वापरलं तरी अडवतो. मग नावाआधी अंडरस्कोअर लावून ते त्या सेलपुरतं ठेवावं लागतं. सुरुवातीला फार जाच वाटतो. आणखी एक, जरा गंभीर: एका सेलमध्ये 'पाऊस' ही डेटाफ्रेम (डेटाचा तक्ता) बनवून दुसऱ्या सेलमध्ये तिला नवीन कॉलम जोडलात, तर तो बदल मारिमोला कळत नाही. असले बदल जिथे डेटाफ्रेम बनते तिथेच उरकावेत, नाहीतर नवीन नाव द्यावं. शिवाय फाइल साधी पायथनची असल्यामुळे आलेख तिच्यात साठत नाहीत. गिटहबवर नुसता कोड दिसतो.

तुमचं काम शिकवण्याचं असेल, आलेखांसकट फाइल पुढे पाठवायची असेल किंवा टीम ज्युपिटरवरच असेल, तर उगाच हलू नका असं मी म्हणेन. एकेक सेल तासभर चालणारा असेल तरीही जपून. एक सेल बदलला की मारिमो त्यावर अवलंबून असलेले सेल आपोआप पुन्हा चालवतो. ते बंद करता येतं, मग तो शिळ्या झालेल्या सेलवर नुसती खूण करतो, पण ती सवय लागायला वेळ जातो. बाकी आकडे दुसऱ्याच्या हातात द्यायचे असतील तर माझं मत मारिमोला. जुनं एखादं नोटबुक 'मारिमो कन्व्हर्ट'ने बदलून उघडून पाहा. कुठलं नाव कुठल्या सेलने तयार केलंय ते व्हेरिएबल्सच्या पॅनेलमध्ये दिसेल.