ऑड्रे लॉर्डचं ‘द कॅन्सर जर्नल्स’: सात महिने उशाशी ठेवल्यावर

फेब्रुवारीत माझा डावा स्तन काढला, तेव्हा भाचीने हे पुस्तक आणून दिलं. छोटंसं आहे, तरी पहिल्या महिन्यात वीस पानांपुढे गेले नाही. आता पुठ्ठा सुटलाय, पानांवर हळदीचे डाग पडलेत, म्हणून लिहिते.

गोड गोड धीर हवा असेल तर घेऊ नका. लॉर्ड न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय कवयित्री, आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. लेस्बियन, दोन मुलांची आई, काही वर्षं लायब्ररियन. यातलं काहीही लपवायचं नाही असं ठरवलेली बाई. १९७८ मध्ये तिचा उजवा स्तन काढला, १९८० मध्ये हे पुस्तक आलं. मधूनमधून डायरीतल्या नोंदी आहेत. त्यांत ती घाबरते, चिडते, रडते. माझं बोट तिथेच अडकायचं.

हॉस्पिटलमध्ये एक स्वयंसेविका तिला काढलेल्या स्तनाच्या जागी लावायचं लोकरी भरावाचं पॅड देते. फिकट गुलाबी! काळ्या बाईला! मला दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून जे दिलं, तेही कुणा गोऱ्या मडमेच्याच कातडीचं होतं. पुढे ती पॅड न लावता डॉक्टरांकडे जाते, तर नर्स सांगते, इथे येताना तरी लावत जा, दवाखान्याचं मनोधैर्य खचतं. यावर लॉर्ड विचारते, इस्रायलचा मंत्री मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून संसदेत उभा राहतो, त्याला कुणी काचेचा डोळा बसव म्हणतं का? (ती त्याला पंतप्रधान म्हणते. तो कधीच नव्हता. संपादकाने पकडायला हवं होतं.)

शेवटचं प्रकरण मात्र ताणलंय. पॅड लावणारी प्रत्येक बाई स्वतःशी खोटं बोलते, असा सूर लागतो. मी लोकलने जाते. पदर असतो, तरी पॅड लावतेच. घरी आल्यावर खुंटीला अडकवते. आधी ह्यांच्यासमोरही लावून झोपायचे. जूनपासून नाही.

हेवा वाटला तो तिच्या माणसांचा. जोडीदार फ्रान्सिस आणि मैत्रिणींनी तिला एकटं पडू दिलं नाही. माझ्याकडेही डबे आले, पण ‘दुखतंय का’पेक्षा ‘कुणाला सांगितलं नाहीस ना’ हेच जास्त ऐकलं.

एक सावधगिरी. कॅन्सर पुढे यकृतात गेला आणि १९९२ मध्ये, ५८व्या वर्षी ती गेली. मी हे रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचलं आणि तीन दिवस पुस्तकाला हात लावला नाही.

भाची परवा प्रत मागत होती. तिला नवी घेऊन दिली.