टायमिंग लावलं, बिल मात्र बोअरचं

सोलापूरचा उन्हाळा आणि चढावर दम टाकणारी पॉइंटवाली जुनी बुलेट 350 (पॉइंट म्हणजे उघडताच प्लगची ठिणगी पाडणारा छोटा स्विच). ‘इंजिन तापून पिस्टन गेला, बोअर करावं लागेल’, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून मोठा पिस्टन बसवावा लागेल, हे मेकॅनिकचं म्हणणं मालकाला लगेच पटतं. विजापूर रोडच्या आमच्या एका परिचितांकडून एका मेकॅनिकने असेच 9,000 रुपये उकळले. गाडी हातात आली तेव्हा छान ओढत होती, त्यामुळे त्यांना शंका आलीच नाही.

बिलात 020 चा पिस्टन होता (आकडा जितका मोठा, तितका पिस्टन मोठा). ‘तुमचा जुना’ म्हणून दिलेल्या पिस्टनच्या डोक्यावर मात्र 040 कोरलेलं. बोअर वाढत जातं, कमी होत नाही. 040 निघालेल्या सिलिंडरमध्ये 020 बसणार कसा? नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) टाकली असती तर गोष्ट वेगळी, पण बिलात स्लीव्ह नव्हती. सिलिंडरच्या बुडाशी तेल-धुळीचा जुना थर जसाच्या तसा, आणि ‘पहिले 500 किलोमीटर हळू चालवा’ असंही कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन उघडलंच नव्हतं.

मग ओढ आली कुठून? टायमिंगमधून, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेतून. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते. ओढ जाते, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो, इंजिन तापतं. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

बोअरला होकार देण्याआधी हे समोर करून घ्या. पॉइंट पूर्ण उघडा असताना फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप 0.35 ते 0.40 मिमी करा. गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं. प्लग काढा, टॉप गिअर टाका, मागचं चाक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणा. तिथे दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटाने फिरतात. चाक थोडं उलटं नेऊन पुन्हा पुढे आणा आणि पिस्टन टोकाच्या 0.8 मिमी अलीकडे थांबवा. उलटं नेल्याशिवाय गिअरमधली ढिलाई जात नाही. चावी चालू ठेवून अँपिअर मीटर बघा: पॉइंट बंद असताना काटा उण्याकडे, उघडताच शून्यावर. काटा नेमका इथेच उडेल अशी पॉइंटची प्लेट फिरवून स्क्रू आवळा.

बोअर खरंच लागलं, तर बोअरिंगवाल्याची वेगळी पावती मागा आणि सिलिंडरवर आधीच स्वतःची खूण करून द्या.