इंजिन फिरलंच नाही, तरी पंप गेला

गेल्या जुलैत जांबोटीत माझी पिकअप बंद पडली आणि त्या एका सकाळीपायी 41 हजार गेले. बिघाड होता इंजिन आणि चासीमधल्या अर्थिंगच्या पट्टीचा, म्हणजे स्टार्टरचा करंट जिच्यातून बॅटरीच्या मायनसकडं परत जातो तिचा. नवी पट्टी 350 रुपयांना मिळते. मधले पैसे कसे गेले ते सविस्तर लिहितो, कारण बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर भाजी वाहणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

गाडी 2018 ची, प्रदूषणाच्या बीएस-4 नियमातली, कॉमन रेल, म्हणजे एका सामाईक नळीतून (रेलमधून) सगळ्या नोझलांना, डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, जोराच्या दाबानं डिझेल मिळतं असं इंजिन. रात्री बेळगावात कोबी, ढबू मिरची, बीन्स भरायचे आणि उजाडायला गोव्यात उतरायचं, हा आठवड्यातून चार दिवसांचा धंदा. त्या दिवशी चहाला थांबलो. पाऊस नुसता कोसळत होता. चहा झाला, चावी फिरवली, तर ‘टक्’. एवढंच. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, पण स्टार्टर फिरेना. परत चावी, परत टक्.

टपरीवरच बसलेला एकजण छत्री घेऊन आला. “काय ओ, स्टार्ट होईना काय?” बोलणं आपलंच, गोड. म्हणाला, मी मेस्त्रीच आहे, बघू की. रस्ता तिथं थोडा उताराला आहे. माझा भाचा गाडी ढकलायला मागं गेला, तर हा ओरडला, “धक्का मारू नका मर्दा, कॉमन रेल हाय, टायमिंग सुटंल!” टायमिंग म्हणजे इंजिनच्या आतल्या भागांची जुळणी, तिच्या नावानं मी घाबरलो. आज वाटतं, उतारावर दुसऱ्या गिअरात सोडली असती तर बहुतेक लागली असती आणि त्याचं काम तिथंच संपलं असतं.

त्यानं बोनेट उघडलं, डिझेल फिल्टरजवळचा पाइप सैल केला, हातपंप चार वेळा दाबला. फेसाळ डिझेल उडालं. “हे बघा, हवा. पंप प्रेशर देईना. नोझलबी गेलेत.” पाइप सैल केल्यावर फेस येणारच, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मागं दीड टन भाजी, समोर घड्याळ. गोव्याच्या व्यापाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेलेला.

आता खरी गोम सांगतो. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप इंजिनावर चालतो. स्टार्टर इंजिन फिरवतो, इंजिन पंप फिरवतं, मग रेलमध्ये प्रेशर चढतं. माझं इंजिन एक फेराही फिरलं नव्हतं. मग पंप प्रेशर देत नाही, हे त्याला कळलं कसं? स्टार्टर खर्रखर्र जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, तेव्हा डिझेलकडं बघायचं: फिल्टरात पाणी, हवा, सेन्सर, पंप. स्टार्टरच फिरत नाही तेव्हा बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, रिले, स्टार्टर. ही दोन दुखणी वेगळी. पंधरा वर्षं गाडी चालवतो, पण हे कुणी असं समोर मांडलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

ओळखीतल्या एका पिकअपवाल्याला 4,500 देऊन भाजी पुढं पाठवली. त्याच्यासोबत मलाही जावं लागलं, कारण पैसे वसूल करायचे होते. इथंच मी गाडी सोडली. त्या माणसानं 2,500 घेऊन गाडी टोचन करून बेळगावकडच्या एका गॅरेजला नेली. भाच्याला “जा, जेवून ये” म्हणून पाठवलं. तो परत येईपर्यंत पंप आणि चारही नोझल काढून ‘लॅबला’ गेले होते.

संध्याकाळी मी पोचलो तर इंजिन उघडं आणि ट्रेमध्ये नटबोल्ट. सगळं तसंच द्या म्हटलं. गॅरेजवाला म्हणाला, “उघडल्याची मजुरी द्या आणि न्या उचलून.” उचलून कशावर नेणार? पंप रिपेर 14 हजार, नोझल चार गुणिले 4 हजार, मजुरी 4 हजार. 34 हजार झाले. 20 रोख दिले, 14 मोबाइलवरून, तेही भलत्याच नावाच्या खात्यात. बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं आकडे लिहून दिले. “पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स लागंल बघा.” मीही टॅक्स वाचवला. शहाणपणा!

गाडी मात्र लागली. इंजिनाभोवती एवढी उचकापाचक झाली होती की ती गंजकी पट्टी हलून तात्पुरती टेकली असणार. चार दिवसांनी दारातच परत ‘टक्’.

या वेळी खानापूरच्या बाजूचा एक कन्नड मेस्त्री आला. बॅग उघडायच्या आधीच म्हणाला, “हॉर्न होडीरी.” हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरीत जीव आहे. मग त्यानं मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि मला चावी मारायला सांगितली. चांगल्या गाडीत तिथं अर्धा व्होल्टही दिसू नये. आमच्यात काटा नऊच्या पुढं. “अर्थिंग इल्लरी,” म्हणजे अर्थिंगच नाही, तो हसला. जंपर केबलचं एक टोक मायनसवर, दुसरं इंजिनवर लावलं आणि गाडी एका चावीत सुरू. पट्टी हातात घेतली तर हिरवी पडलेली, चुरा होत होती. मजुरी 200 घेतली. आमच्या भागात भाषेवरून माणूस जोखायची सवय आहे, मलाही होती. मला बुडवणारा मराठीत गोड बोलत होता, एवढं लिहून ठेवतो.

गाडीला धूर जास्त आणि आयडलला ठकठक का, हे त्यानंच विचारलं. स्कॅनर लावला. कॉमन रेलच्या बऱ्याच नोझलच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये माझे जुने चार कोड तसेच होते आणि इंजिनवरचे चारही वेगळे. त्यातला एक तर दुसऱ्याच कंपनीचा. म्हणजे माझे चांगले नोझल काढून घेतले, कुणाचे तरी जुने बसवले आणि वर 16 हजार घेतले. अर्थिंग न दिसणं अडाणीपणा म्हणून सोडून देता येईल, पण हे? तुमच्या गाडीचे नोझल कधी काढायची वेळ आली तर आधी मोबाइलमध्ये त्या कोडचे फोटो काढा, आणि काढणाऱ्याला दिसेल असे काढा.

फोटो नसल्यानं माझ्या हातात स्कॅनरचा स्क्रीनशॉट तेवढा होता. गॅरेजवाला म्हणाला, तुम्ही मधे दुसरीकडं बदलून घेतले नाहीत कशावरून? 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. एक ओळखीचे वकील म्हणाले, धंद्याची गाडी असली तरी पोटासाठी स्वतः चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक कायद्यात ग्राहकच धरतात, 2 वर्षांत जिल्हा आयोगाकडं जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण सिगारेटचं पाकीट किती टिकेल ते त्यांनाही सांगता येईना. तक्रार दिली आहे. दोन नोझल अजून बदलायचे राहिलेत, ते पैसे जमतील तसे.

परवा कणकुंबीच्या अलीकडं एक पिकअप कडेला दिसली, बोनेट वर, पोरगा फोनवर मेस्त्री शोधत होता. थांबलो. म्हटलं, आधी हॉर्न मार. घोगरा आला, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. रात्रभर आतला दिवा चालू राहिला होता त्याचा. माझ्याकडची केबल लावली, गाडी लागली. पैसे विचारू लागला, म्हटलं चहा पाज.