तीन ट्रान्सपोर्टर, एक बुकिंग: रिक्वेस्टचं मॉडेल कसं निवडाल?

जळगावात आम्ही केळी व्यापाऱ्यांसाठी गाडी बुक करायचं सॉफ्टवेअर बनवतो. माल रावेर-सावद्याकडचा, ट्रान्सपोर्टर तीन आणि तिघांच्या एपीआयच्या, म्हणजे त्यांच्या सिस्टिमशी बोलायच्या पद्धतीच्या, तीन तऱ्हा. एकाला वजन किलोत हवं, दुसऱ्याला टनात. तिसऱ्याकडे रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या गाड्या, त्याला तापमानही लागतं. असंच काम तुमच्या हाती आलं असेल, तर ट्रान्सपोर्टरला पाठवायच्या रिक्वेस्टचा क्लास मांडायच्या चार वाटा आहेत. चारही मी चालून पाहिल्यात.

पहिली वाट म्हणजे एकच मोठा क्लास आणि त्यात सगळ्यांची सगळी फील्ड. तासाभरात उभा राहतो. ट्रान्सपोर्टर एकच असेल तर खुशाल हेच करा. दुसरा आला की मात्र कोणतं फील्ड कुणासाठी सक्तीचं, हे क्लास वाचून कळेनासं होतं.

आमचं तापमान जावाच्या साध्या डबलमध्ये, म्हणजे दशांश संख्येच्या टाइपमध्ये, होतं. ते भरलं नाही तर जावा तिथे ०.० ठेवते. एका बुकिंगला ते भरायचं राहिलं आणि रीफरवाल्याकडे शून्य अंश गेलं. त्यांच्या सिस्टिमला शून्य चालतं, म्हणून एररही आली नाही. हिरवी केळी साधारण १३-१४ अंशांवर न्यावी लागते. त्याखाली साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. गाडी भरायला लागली तेव्हा ड्रायव्हरचा फोन आला: "भाऊ, शून्यावर लावायला सांगितलंय. केळीच भरायची ना?" माल वाचला. जे टाइपने पकडायला हवं होतं, ते ड्रायव्हरने पकडलं.

दुसरी वाट वारशाची: एक बेस क्लास आणि प्रत्येक ट्रान्सपोर्टरचा वेगळा सबक्लास. कागदावर फार छान दिसते. पण दोघांना तापमान हवं आणि त्यातल्या एकालाच विमा, असं झालं की झाड वाकडं होतं. पालकाच्या जागी सबक्लास ठेवला तरी काम बिघडू नये, ही बार्बरा लिस्कोव यांनी १९८७ मध्ये मांडलेली अट इथे हमखास मोडते. आमच्या एका सबक्लासमध्ये 'रद्द करा' ही मेथड नुसती एक्सेप्शन फेकायची, आणि बोलावणारा कोड आधी 'तू नक्की कोण?' असं विचारू लागला होता.

तिसरी, मॅप, म्हणजे नाव (की) आणि त्याची किंमत अशा जोड्या. काहीही कोंबा, कुणी अडवत नाही. त्यातली 'की' लिहिताना एक अक्षर चुकलं तर कंपायलरही गप्प. जी माहिती आपण न वाचता पुढे द्यायची, तेवढ्यासाठीच वापरा.

चौथी माझी निवड. बुकिंगचा क्लास आपल्या भाषेत लिहायचा: कुठून, कुठे, किती किलो, कधी, आणि माल साधा की थंड. 'थंड'च्या आत तापमान सक्तीचं. ते दिल्याशिवाय ऑब्जेक्ट बनतच नाही. जावा १७ पासून यासाठी सील्ड इंटरफेस आहेत, म्हणजे कोणकोणते प्रकार असू शकतात हे आधीच ठरवून टाकता येतं, आणि जावा २१ च्या स्विचमध्ये एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कोड कंपाइल होत नाही. मग आपलं बुकिंग त्याच्या एपीआयच्या तऱ्हेत बदलणारा, प्रत्येक ट्रान्सपोर्टरचा एक अ‍ॅडाप्टर. किलोचे टन करणं, तारीख उलटी लिहिणं, त्यांच्या फील्डची नावं, सगळं त्याच्याच पोटात. कराराचा कोड वगैरे अ‍ॅडाप्टरच्या कॉन्फिगमध्ये. बुकिंगला त्याचा पत्ता नको.

याची किंमत आहे. मॅपिंगचा कोड कंटाळवाणा असतो आणि सगळ्यांना लागणारं नवं फील्ड आलं की प्रत्येक अ‍ॅडाप्टरला हात लावावा लागतो. म्हणून प्रत्येकाचा एक नमुना जेसॉन फाइलमध्ये ठेवा आणि टेस्टमध्ये अ‍ॅडाप्टरचं आउटपुट त्याच्याशी ताडून पाहा. ट्रान्सपोर्टर दोनच असले तरी मी हीच वाट धरेन, कारण तिसरा येतोच.

आमच्याकडे तर चौथाही आला. बुकिंगच्या क्लासमधली एकही ओळ बदलली नाही. एक नवा अ‍ॅडाप्टर आणि त्याच्या टेस्ट, एवढंच काम. त्याला वजन क्विंटलमध्ये हवं होतं.