रविवारच्या रात्री रोल संपला पाहिजे: ३५ मिमी घ्यावा की १२०?

एकट्याने फिरणाऱ्याचा कॅमेरा आणि दहा जणांच्या गाडीत कोंबून जाणाऱ्याचा कॅमेरा एकच असायला पाहिजे असं काही नाही. फिल्मचा नाद नव्याने लागलेली मंडळी विचारतात तेव्हा मात्र प्रश्न सरसकट असतो: ३५ मिमीचा एसएलआर घेऊ (फोटो काढणाऱ्या भिंगातूनच बघायचं), की १२० च्या रुंद रोलचा दोन भिंगांचा टीएलआर (वरच्या भिंगातून बघायचं, खालचं फोटो काढतं)? माझ्याकडे दोन्ही आहेत, निकॉनचा एफएम२ आणि यशिका मॅट १२४जी. दोन्ही चिखलदऱ्याला, लोणारला, नवेगावबांधला नेऊन झाले. तेव्हा हे उत्तर फक्त शनिवार-रविवारच्या सहलीपुरतं समजा. एकटेच निघणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

निगेटिव्हच्या आकारावर वेळ घालवत नाही. टीएलआरची ६×६ सेंमीची चौकोनी निगेटिव्ह क्षेत्रफळाने ३५ मिमीच्या साधारण साडेतीनपट भरते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भिंतीवर हात-दीड हाताचा प्रिंट लावायचा असेल तर फरक दिसतो. व्हॉट्सॲपवर घरच्यांच्या ग्रुपला पाठवायचा असेल तर दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक फोटो तिथेच जातात.

आधी सहलीचं वेळापत्रक बघा. सकाळी सहाला निघायचं ठरतं, साडेआठला गाडी हलते. परतवाड्याला तर्री-पोहे होतात, मग चहा, मग कोणाला तरी पान लागतं. घाट चढून वर जाईपर्यंत ऊन डोक्यावर. ज्या उजेडात निसर्गचित्र काढावंसं वाटतं तो सबंध सहलीत दोनदाच हाती लागतो, शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची पहाट. त्यातली संध्याकाळही पूर्ण तुमची नसते. ट्रायपॉड उघडून क्षितिज सरळ करत असता, तेवढ्यात मागून आवाज येतो, "अबे, झालं का नाही तुझं? पोरायले भूक लागून राहिली." पहाट मात्र तुमची, कारण रात्री दोनपर्यंत पत्ते कुटलेली मंडळी साताच्या आत उठत नाहीत. या दोन वेळांत मन लावून काढलेल्या फ्रेम दहा-बारा होतात. फार तर पंधरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ३५ मिमीची बाजू, आणि ती मजबूत आहे. लोणारच्या काठावर उभं राहिलं की समोर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर असतं. ते २८ मिमीच्या भिंगात पूर्ण नाही, पण त्याचा गोलावा कळेल इतकं बसतं. यशिकाचं ८० मिमीचं भिंग बदलता येत नाही, त्यात सरोवराचा एक तुकडा आणि समोरची कड एवढंच येतं. गाविलगडावरून पलीकडची डोंगररांग जवळ ओढायची असेल तरी तेच, एसएलआरला १३५ मिमीचं भिंग लावा आणि मोकळे व्हा. पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा फिरता फिल्टर, लावायचा तर एसएलआरमध्ये डोळ्यासमोर आभाळ गडद होताना दिसतं. टीएलआरमध्ये तो आधी वरच्या भिंगावर फिरवून बघायचा, कुठे थांबला ते ध्यानात ठेवायचं आणि तसाच खालच्या भिंगावर चढवायचा. हे सगळं करेपर्यंत गाडीचा हॉर्न वाजलेला असतो.

पावसाळ्याचंही सांगतो, कारण विदर्भात लोक सहलीला तेव्हाच जास्त निघतात. श्रावणात चिखलदऱ्याला भीमकुंडाजवळ धुकं आणि भुरभुर एकदमच चालू असते. टीएलआरची ज्या काचेवर चित्र बघायचं ती काच वर आभाळाकडे तोंड करून असते. त्या उघड्या झाकणात पावसाचे थेंब सरळ काचेवर पडतात आणि आतलं चित्र पुसट होतं. छत्री धरायला कोणाला तरी पटवावं लागतं. एसएलआर छत्रीखाली एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने फोकस करून काम भागतं. पावसाळी सहलीच जास्त करत असाल तर माझं पुढचं म्हणणं जरा सवलतीने वाचा.

मीटरचं म्हणाल तर एफएम२ची बाजू सरळ वरचढ आहे. त्याचं मीटर भिंगातून येणारा उजेड मोजतं, म्हणजे फिल्टरचा हिशेबही आपोआप होतो. सेल संपले तरी शटर चालतंच. १२४जीचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलं होतं, ते सेल आता बाजारात नाहीत. मी त्याच्या सुईकडे बघणं सोडून दिलं. विदर्भातल्या उन्हात एफ/१६ चा जुना नियम फार इमानदार आहे: फिल्मची स्पीड जितकी, सेकंदाच्या तितक्याव्या भागाचा शटर, आणि भिंगाचं छिद्र एफ/१६ वर. पहाटे-संध्याकाळी मोबाइलमधलं मीटर पुरतं. नारिंगी फिल्टर लावला तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड, जास्त द्यायचे, तेवढं बोटावर मोजता येतं.

टीएलआरकडून सांगण्यासारखं पहिलं म्हणजे चौकोन. आपला मुलूख सह्याद्रीसारखा उभा नाही, तो पसरलेला आहे. वऱ्हाडात कापसाची वावरं, मधे एखादं निंबाचं झाड, आणि वर अफाट आभाळ. ३५ मिमीच्या आडव्या चौकटीत मला ही जमीन कायम पातळ पट्टीसारखी दिसते, डावी-उजवीकडे काहीबाही भरून येतं आणि आभाळ कापलं जातं. कॅमेरा उभा धरला की झाड ताडासारखं लांब. चौकोनात तळाशी थोडी जमीन ठेवून वर ढगांना हवी तेवढी जागा देता येते. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, तर हे फारच जाणवतं. पाणी, पाळ, पाळीवरची झाडं आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं चौकोनात नीट बसतं. हे मोजून सिद्ध करता येणार नाही. माझ्या डोळ्याची सवयही असेल.

दुसरं, माणसं. एसएलआर गळ्यात असला की तुम्ही सगळ्यांचे फोटोग्राफर. "दादा, आमचा एक काढून दे ना." काढला की, "दाखव बरं कसा आला." रोल आहे, दिसत नाही म्हटलं की, "मंग काढला काहून?" टीएलआर बघून असं कोणी म्हणत नाही. तो त्यांना कॅमेराच वाटत नाही. "काय पाहून राहिला बे त्या डब्यात?" असं विचारतात, एकदा वाकून बघतात, उजवीकडे चालणारा माणूस आत डावीकडे चालताना दिसतो म्हणून हसतात आणि निघून जातात. त्या उलट्या काचेवर क्षितिज सरळ करायला सुरुवातीला वैताग येतो, हे मान्य. कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला कलता होतो. पण हाताला ते लवकर वळण लागतं.

इथपर्यंत पारडं जवळपास समान आहे, किंबहुना ३५ मिमीकडेच थोडं झुकलेलं. माझ्यासाठी निकाल लावला तो यातल्या कशानेच नाही. लावला तो अर्धवट रोलने.

मघाशी म्हटलं तशा सहलीत मनाजोग्या फ्रेम दहा-बारा होतात. यशिकात १२० चा रोल टाकला की बाराव्या फ्रेमला तो संपतो. दुसरा टाकायचा की नाही ते आपल्या हातात. रविवारी रात्री घरी आलो की रोल कागदात गुंडाळलेला, चिकटपट्टी मारलेला, सोमवारी कुरिअरला. एफएम२मध्ये ३६ चा रोल टाकला की रविवारी रात्री काउंटर चौदा-पंधरावर उभा. उरलेल्या वीस-एक फ्रेमचं काय करायचं?

दर वेळी तेच होतं. परतीच्या वाटेवर कोणीतरी म्हणतं, "उरल्या ना? मंग आमचे काढ." ढाब्यावर ट्यूबलाइटखाली तीन-चार निघतात. तरी संपत नाही. कॅमेरा कपाटात जातो. मग पोळा येतो, बैलांचे दोन. मग कोणाच्या तरी साखरपुड्याचे चार. दिवाळी जाते. आत नवेगावबांधची ती पहाट तशीच धुवायची पडून. शेवटी रोल संपतो तेव्हा एप्रिल उजाडलेला असतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली, लोखंडी कपाट. फिल्मवर उजेड पडला पण ती धुतली गेली नाही, असा रोल उष्णतेत महिनोन्महिने राहिला की रंग ढळतात, सावल्या धुरकट होतात, दाणे वाढतात. न वापरलेला रोल फ्रीजमध्ये ठेवता येतो. कॅमेऱ्यातला अर्धवट रोल घेऊन फ्रीजमध्ये कुठे ठेवणार, भाजीच्या ट्रेमध्ये?

याहून चिडचिड करणारी गोष्ट म्हणजे रोल एकाच स्वभावाचा राहतो. शनिवारी संध्याकाळी ढग दाटून आले, एचपी५ ही कृष्णधवल फिल्म चारशेऐवजी सोळाशे स्पीडची समजून काढावी वाटली, तर धुण्याची वेळ वाढवायची ती सबंध रोलला. मग रविवारची लख्ख सकाळही त्याच सोळाशेवर. १२० मध्ये ढगांचा रोल वेगळा, सकाळचा वेगळा, धुणाऱ्याला चिठ्ठी लावून दिली की झालं. फाल्गुनात पळस फुललेला असताना तर मला एक रोल रंगीत आणि एक कृष्णधवल लागतोच. कोडॅकचा गोल्ड २०० सन २०२२ पासून १२० मध्येही मिळू लागल्यापासून रंगीत रोलसाठी कोडॅकच्याच महागड्या पोर्ट्राचे पैसे मोजावे लागत नाहीत.

यावर ३५ मिमीवाल्यांची उत्तरं मला माहीत आहेत, आणि ती खोटी नाहीत. काही रोल २४ फ्रेमचेही मिळतात. मधेच रोल गुंडाळून तसाच धुवायला पाठवता येतो, पैसे तेवढेच लागतात आणि निम्मी फिल्म कोरी जाते. फिल्मची जीभ, म्हणजे पुढचं टोक, डब्याबाहेर ठेवून गुंडाळायचा आणि पुढच्या सहलीत भिंगाला झाकण लावून तितक्या फ्रेम सोडून पुढे न्यायचा, हेही लोक करतात. माझ्याच्याने त्या नोंदी ठेवणं होत नाही. सगळ्यात पक्कं उत्तर म्हणजे कृष्णधवल फिल्मचं ३०.५ मीटरचं रीळ आणून घरीच डब्यांत भरणं. पंधरा फ्रेमचा रोल हवा तर पंधराचा. तुम्ही हे करत असाल तर माझी मुख्य तक्रारच उरत नाही, आणि मग खुशाल ३५ मिमी घ्या. रंगीतमध्ये मात्र ती सोय इतकी सहज नाही.

खर्चाचं गणित लोक फ्रेमवर करतात. एका १२० रोलची किंमत ३६ च्या रोलच्या आसपासच असते, म्हणजे फ्रेममागे तिप्पट. बरोबर आहे. मी ते सहलीमागे करतो: एक रोल, एक धुलाई, एक कुरिअर. दोन्हींत सारखंच पडतं, कारण ३६ पैकी वीस फ्रेम ट्यूबलाइटखालच्याच असतात. स्कॅनिंग मात्र लॅबमध्ये १२० चं महाग पडू शकतं. घरी फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर उलट, तिथे १२० छान निघतो आणि ३५ मिमी जेमतेम.

धुण्याबद्दल एवढंच, की आमच्या भागात फोटो स्टुडिओ भरपूर असले तरी रोल धुऊन मिळत नाही, पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. घरी धुणार असाल तर १२० ची फिल्म रिळावर चढवताना चटकन मोडते, ३५ मिमी सोपी जाते. कृष्णधवलला २० अंशांचं पाणी हवं, उन्हाळ्यात बर्फ घातल्याशिवाय ते होत नाही. रंगीतला ३८ अंश लागतात, ते मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून फुकटात मिळतं.

तर, पावसातच फिरणार असाल, लोणारसारखं अवाढव्य काही डोक्यात असेल किंवा रीळ घरी भरत असाल, तर एसएलआर. बाकी ग्रुपसोबत, कोरड्या दिवसांत, पहाटेपुरता हक्काचा वेळ मिळणाऱ्याने टीएलआरचा विचार करावा असं मला वाटतं. वजनाला घाबरू नका. यशिका किलोभराहून थोडी जास्त आहे, पण एफएम२ सोबत दोन भिंगं घेतली की तोही तिथेच जातो.

जुना घेताना एक सेकंदाचा शटर कानाने ऐका. तो अडखळत असेल तर कॅमेरा उघडून साफ करावा लागणार, ते पैसे किमतीतून वळते करा. खालच्या भिंगात मागून टॉर्च मारून बुरशी बघा. आपल्याकडे कोकणाइतकी बुरशी धरत नाही, पण कॅमेरा कुठून आला ते कुठे माहीत असतं. रोल बदलताना स्वतःच्या सावलीत उभे राहा आणि संपलेला रोल सैल सुटू देऊ नका, कडेने उजेड शिरतो. आणि विकणाऱ्याला आत रिकामं स्पूल आहे का ते आधी विचारा. पहिला रोल त्याच्यावरच गुंडाळला जातो. ते नसेल तर शुक्रवारी रात्री गावात ते कुठेच मिळणार नाही.