गूढ प्राण्याच्या मागावर कॅमेरा ट्रॅप: घ्यावा, पण कशासाठी?

‘लाल डोळे, आठ फूट उंची, दोन पायांवर चालत गेलं.’ अशा साक्षींची शहानिशा करायला हल्ली झाडाला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधतात. वन्यप्राण्यांच्या मोजणीसाठी हे यंत्र वादातीत चांगलं. साक्षीदाराच्या चुकांवर मात्र ते अर्धाच उपाय आहे, आणि उरलेला अर्धा भाग विकत मिळत नाही.

आधी जमेची बाजू. साक्षीत सगळ्यात कच्चा आकडा उंचीचा. काळोखात डोळ्याला कळतो तो फक्त कोन. प्राणी 20 मीटरवर असताना 40 मीटरवर आहे असं वाटलं, तर त्याची उंचीही दुप्पट वाटते. कॅमेरा एका जागी घट्ट असल्यामुळे हा घोळ मिटवता येतो, पण त्यासाठी थोडी मेहनत हवी. काठीवर दर 10 सेंटिमीटरला पट्टा रंगवा, ती कॅमेऱ्यापासून 2, 4, 6, 8 मीटरवर उभी करा आणि प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवा. पुढे काही टिपलं गेलं, तर त्याचे पाय ज्या जागी टेकलेत तिथल्या काठीशी ताडून पाहा. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात आणि मग ‘केवढं मोठं होतं’ यावर रात्रभर वाद घालतात.

दुसरा फायदा स्मृतीचा. 2003 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी लॉक नेसच्या, म्हणजे राक्षसाच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडमधल्या सरोवराच्या, पाण्यातून पर्यटकांसमोर कुंपणाचा साधा खांब वर काढला होता. नंतर चित्र काढायला सांगितल्यावर काहींनी चक्क राक्षसाचं डोकं काढलं. अपेक्षा चित्रात अशी घुसते. कॅमेऱ्याला अपेक्षाच नसते.

निवडताना मेगापिक्सेलच्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा. पाहायचा तो ट्रिगरचा वेग, म्हणजे हालचाल कळल्यापासून फोटो निघेपर्यंत लागणारा वेळ: अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तम, एका सेकंदाच्या वर गेला की मेमरी कार्डावर शेपटीच येते. 850 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फ्लॅश लांबवर पोचतो, पण त्याची मंद लाल चमक दिसते. 940 चा दिसत नाही, मात्र उजेड कमी पडतो, शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि पळणारा प्राणी लांबुळका, धुरकट उमटतो. अर्ध्या ‘राक्षसांचा’ जन्म इथेच होतो! बॅटऱ्या लिथियमच्या घ्या. अल्कलाइनचा विद्युतदाब (व्होल्टेज) हळूहळू घसरतो आणि आधी रात्रीचा फ्लॅश मरतो. बॅटरी बदलल्यावर घड्याळ तपासा, काही यंत्रांत तारीख मूळपदावर जाते.

आता उणी बाजू. यंत्र साक्षीदाराचे दोष काढतं आणि फोटो पाहणाऱ्याचे नवे दोष जन्माला घालतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका कॅमेरा ट्रॅपने लांब हातापायांचा, केस विरळ असलेला प्राणी टिपला. लगेच बिगफूटचा, म्हणजे तिथल्या दंतकथेतल्या केसाळ वानरमानवाचा, गवगवा झाला. राज्याच्या वन्यजीव खात्याने सांगितलं, हे खरजेने केस गेलेलं अस्वल आहे. त्याच ठिकाणी अस्वलाची पिल्लंही टिपली गेली होती. ‘मला ओळखू येत नाही’ पासून ‘कुणालाच माहीत नसलेली प्रजाती’ पर्यंतची ही उडी म्हणजे अज्ञानालाच पुरावा मानणं. ‘चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस चुकेल का?’ हे आप्तवाक्यही तेवढंच लंगडं. केसाळ अस्वलं ओळखणाऱ्याने केस गेलेलं पाहिलेलंच असेल असं नाही.

रिकाम्या कार्डाचं काय? ‘फोटो नाही, म्हणजे प्राणी नाही’ असं म्हणणंही घाईचं. सेन्सर हालणारी उष्णता ओळखतो. हवा शरीराइतकी तापली की त्याचा पल्ला घटतो, आणि तापलेलं गवत डोललं तर उगाच शेकडो फोटो पडतात. म्हणून स्वतः समोरून चालून पल्ला मोजा, दुपारी आणि रात्री वेगवेगळा. उलट ‘त्याला कॅमेरा कळतो, म्हणून तो येत नाही’ हे एकदा मान्य केलं, की फोटो आला तरी पुरावा आणि नाही आला तरी पुरावा. मग पैसे कशाला घालवायचे?

निव्वळ फोटोवर प्रजाती ठरवू नका. केस सापडला तर चिमट्याने उचलून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. 2017 मध्ये ‘यती’चे (हिमालयातल्या दंतकथेतल्या हिममानवाचे) म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएने तपासले गेले: आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा.

साक्ष तपासायची असेल तर हे यंत्र जरूर घ्या, पण एकाऐवजी दोन. दोन्ही गुडघा ते कमरेच्या उंचीवर, वाटेला तिरपे, वेगवेगळ्या कोनांतून एकाच जागेवर रोखलेले. थेट समोरासमोर नकोत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात शिरतो आणि रात्रीचा फोटो पांढराफटक येतो.